अप्पा जिथे ब्रेक दाबायचे

गाडी शिकवणाऱ्याची जागा डावीकडची. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, हॉर्न त्याचा, आरसे त्याच्याकडे वळवलेले. आपल्या वाट्याला पायाखालची दोन पेडलं, एक क्लच आणि एक ब्रेक. आमच्या गाडीत ही पेडलं शिकणाऱ्याच्या पेडलांना खालून सळईनं जोडलेली होती. मी दाबलं की त्याचं दबायचं, त्यानं दाबलं की माझं. त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे न बघता मला त्याचा पाय कळायचा. घाबरट माणसाचा पाय ब्रेकवरून हलत नाही. बायकोशी भांडून आलेल्याचा क्लच धाडकन सुटतो. आणि ज्याला दारूची सवय आहे त्याचा पाय, त्या दिवशी तो प्यालेला नसला तरी, उशिरा येतो. फार नाही, एक श्वास उशिरा.

परळीत आम्ही दोघांनी मिळून ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आमचे हे टेबल सांभाळायचे, मी गाडी. सुरुवातीला लोक येऊन विचारायचे, "सर कुठंयत?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं की माणूस बाहेर जाऊन पुन्हा एकदा पाटी वाचून यायचा. पुढे पुढे गावातल्या सासवा आपल्या सुनांना माझ्याकडेच पाठवू लागल्या, आणि मग त्या सुनांच्या नवऱ्यांना लपूनछपून माझ्याकडे यावं लागलं. ती मजा वेगळीच होती. पण आज सांगायचंय ते उजळणीवाल्यांबद्दल.

उजळणीवाले हे आम्हीच ठेवलेलं नाव. बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. दारू पिऊन गाडी चालवताना माणूस सापडला आणि त्याच्या रक्ताच्या शंभर मिलिलिटरात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली, तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते आणि दंडही चढतो. हे झालं कोर्टाचं. लायसनचं आणखी निराळं. पहिल्या वेळी ते तीन महिने अडकवून ठेवतात आणि परत हवं असेल तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचा कोर्स करून या म्हणतात. दुसऱ्या वेळी लायसन रद्दच. मग मुदत सरल्यावर पुन्हा मुळापासून सुरुवात. लर्निंग लायसन, गाडीला लाल एल, शेजारी मी.

वीस-वीस वर्षं गाडी हाकलेली माणसं ही. एका बाईच्या शेजारी बसून क्लच-ब्रेक गिरवायचे म्हणजे त्यांना कैदेपेक्षा जड जायचं. एका पुढाऱ्याचा भाचा चार मित्र घेऊन आला होता. मित्र मागच्या सीटवर बसून फोटो काढत होते. तो मला म्हणाला, "मॅडम, मला काय शिकवता? तुमी फक्त सही करा." मी त्याला रेल्वे पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावली आणि हाफ क्लचवर उचल म्हटलं. गाडी बंद पडली. पुन्हा पडली. मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले आणि मित्र एकेक करून खाली उतरून पायी निघाले. तो पोरगा पुढं नीट शिकला, हेही सांगायला हवं.

सगळेच असे हसण्यासारखे नव्हते. उमापूरकडचा एक जीपवाला होता. त्याचे हात थरथरायचे. मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, पेलो की हात सरळ चालतो माझा. न पिता लई भ्या वाटतंय." मी त्याला डॉक्टरकडे जा म्हटलं. तो गेला नाही. वर्षाच्या आत पुन्हा सापडला, लायसन गेलं, आणि नंतर स्टँडवर दुसऱ्यांच्या जीपा धुताना दिसायचा. मला बघून बादली उचलून जीपच्या पलीकडे जायचा.

विश्वनाथअप्पा ह्या दोघांसारखे नव्हते.

अप्पांचं देवळाच्या वाटेवर भांड्यांचं दुकान. तांबं, पितळ, आता बरंचसं स्टील. साठीला टेकलेले, गोरे, अंगानं भरलेले, कपाळाला भस्माचे पट्टे आणि खिशात कायम बडीशेप. पहिल्यांदा सापडले तेव्हा माझ्याकडे उजळणीला आले आणि आल्याआल्या म्हणाले, "ताई, मला गाडी येती. फकस्त पोलिसाला ते पटंना." त्यांच्याबरोबर गाडीत बसणं म्हणजे करमणूक. कुठल्या लग्नात कुणी किती भांडी मांडली, कुणाच्या आहेरातली घागर गळकी निघाली, सगळ्याच्या गोष्टी. गाडी हातची होती त्यांच्या. पाय तेवढा एक श्वास उशिरा यायचा. कोर्स संपला, लायसन मिळालं, अप्पांनी पेढे आणले. "आता थेंब न्हाई," म्हणाले. असं सगळेच म्हणायचे.

नंतर अप्पा बराच काळ दिसले नाहीत. मग कळलं, पुन्हा सापडले. भर दुपारी, गावातच, नाकाबंदीत. ह्या खेपेला कोर्टानं आत पाठवलं, थोड्याच दिवसांसाठी, पण पाठवलं. लायसन रद्द झालं. मुदत सरल्यावर एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि मी ओळखलंच नाही. अंगावरचं मांस उतरलेलं, शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा. भस्म होतं, बडीशेप नव्हती.

"ताई, पैल्यापासून शिकवा," म्हणाले. "मला काईच येत न्हाई असं धरून शिकवा."

"अप्पा, दारू?"

"सुटली."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा मला पायावरूनच कळलं. पाय वेळेवर येत होता.

शिकवायला मी धर्मापुरी रस्ता धरायचे. गावाबाहेर पडलं की तो तसा मोकळा असतो. वर्दळ म्हणजे वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिपरांची. आमच्याकडे वीटभट्ट्यांना ही राख लागते. ताडपत्री नीट नसली की राख सांडत जाते, आणि उन्हाळ्यात तो रस्ता पांढरट दिसतो. टिपर गेला की पुढची दहा-वीस पावलं काहीच दिसत नाही. थांबायचं, राख बसू द्यायची, मग निघायचं. हा माझा पहिला धडा असायचा. पाण्यातला गाळ खाली बसावा तशी ती राख सावकाश खाली बसते. आवाजही होत नाही.

ह्या रस्त्यावर एका ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे कठडा नसलेला बुटका पूल. पलीकडे एक बाभूळ, अलीकडे कुणाच्या तरी आखाड्याचा, म्हणजे शेतातल्या वस्तीचा, गोठा. पहिल्या दिवशी अप्पा तिथं आले, गाडी हळू केली आणि थांबवली. मला वाटलं गिअर चुकला. पण त्यांनी रीतसर न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला आणि समोर बघत राहिले. मग स्टिअरिंगवरचा हात उचलून, जा म्हणतात तसा, हलवला.

"काय झालं, अप्पा?"

"जाऊ द्या. बाई चाललीय."

मी समोर बघितलं. रस्ता रिकामा. ऊन, राख, बाभळीची सावली. शिकाऊ माणसांना काय काय दिसतं ते मला माहीत आहे. कुणाला दगड कुत्र्यासारखा दिसतो, कुणाला खड्डा विहिरीएवढा.  अप्पांची नजर मात्र डावीकडून उजवीकडे, अगदी हळू, सरकत गेली. मग त्यांनी गाडी पहिल्यात घातली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. एरवी गाडी उत्तम. वळण, चढ, रिव्हर्स, कशात चूक नाही. फरशी आली की थांबायचे. एकदा मागून टिपर आला, हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला. अप्पा ढिम्म. टिपर शेजारून धडधडत गेला, सगळीकडे राख झाली, आणि त्या राखेत अप्पा ओरडले, "अरे, दमान बे! दिसंना का तुला?" मग कपाळाला हात लावून रडायला लागले.

मी गाडी फिरवून परत आणली. त्यांच्या तोंडाला वास नव्हता, डोळे लाल नव्हते. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, दारू सुटली की काही दिवस माणसाला भास होतात, होईल बरं. मलाही तसंच वाटलं. पण भास होणाऱ्या माणसाला मी लायसनच्या परीक्षेला कशी पाठवू? म्हणून पुढच्या खेपेला निघण्याआधीच ताकीद दिली.

"अप्पा, आज फरशीवर थांबायचं नाही. रस्ता रिकामा आहे हे मी सांगते तुम्हाला. सेकंड गिअर, सरळ पुढे. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"हाय, ताई."

फरशी जवळ आली. मागेपुढे टिपर नव्हता. अप्पांच्या कपाळावर घाम होता, पण गाडी सेकंडमध्ये सरळ चालली होती. बाभूळ आली. आणि माझ्या बुटाखालचं ब्रेकचं पेडल खाली गेलं. गाडी गचका खाऊन थांबली, बंद पडली.

"थांबायचं नाही म्हटलं होतं ना?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. "म्या न्हाई दाबला, ताई. मला वाटलं तुमी दाबला."

मी खाली वाकून बघितलं. त्यांचे दोन्ही पाय पेडलांपासून लांब, मागे, सीटला टेकवलेले होते. भीतीनं आखडून घेतले असावेत. म्हणजे मीच दाबला असणार. माझा पाय कायम पेडलावर हलका टेकलेला असतो, इतक्या वर्षांची सवय, नकळत दाबला गेला असेल. पण पेडल आपण दाबतो ते वेगळं आणि पायाखालून पेडल निघून जातं ते वेगळं. ह्या दोन्हींतला फरक ओळखणं हाच माझा धंदा होता.

मी खाली उतरले. खरं तर उतरायचं नव्हतं, पण गाडीत बसवेना. फरशीवर राखेचा थर होता, आणि त्यात अनवाणी पावलं उमटलेली होती. बाभळीच्या समोरच्या कडेनं आलेली, लहान, बाईमाणसाची. रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली दिसत होती. त्याच्या पुढची दिसत नव्हती. पुढची टिपरच्या चाकांनी पुसली असतील. रस्ता आहे, पावलं असायचीच. मी स्वतःला असं सांगितलं आणि परत गाडीत येऊन बसले, तेव्हा अप्पा बोलायला लागले.

पहिल्या उजळणीनंतरची गोष्ट होती ती. अप्पा धर्मापुरीकडे एका सोयऱ्याच्या आखाड्यावर जेवायला गेले होते. मटणावर बसलेल्यांच्या ओळीत हे शाकाहारी, आपली वरणबट्टी घेऊन एका कोपऱ्यात बसले, पण बाटलीला कोपरा नसतो. दुपार कलल्यावर निघाले.

"गाडीत बसलो ते ध्यानात हाय. एक बाई ध्यानात हाय. हिरवं लुगडं, डोक्यावर घागर, हात आसा वर केलेला. त्याच्यानंतर एकदम सकाळ. माझ्या घरची सकाळ. पलंगावर झोपलेलो. मधलं काईच न्हाई, ताई. कुणी पुसून टाकल्यागत."

सकाळी ते अंगणात गेले. गाडीचा पुढचा दिवा फुटलेला, पत्रा आत गेलेला. आणि दिव्याच्या चौकटीत हिरव्या बांगडीचा तुकडा अडकलेला.

"बायकोला सांगितलं, बैल आडवा आला. बैलाला बांगडी कुठनं आली, ते तिनं इचारलं न्हाई. म्याबी तुकडा नाल्यात टाकला. कुठंतरी कुणी ओरडंल, कुणी दारावर यील, म्हून वाट बगितली. कुणीच आलं न्हाई. कुणीच न्हाई. तवापासनं जास्तच प्यायलो. पेल्यावर ती बाई दिसायची न्हाई. दारू सुटली आन पुन्हा यायला लागली."

"मग गाडी कशाला शिकताय?"

"तिला रस्ता वलांडू द्यायचाय, ताई. तवा दिला न्हाई."

 आम्ही बसून होतो तेवढ्यात गोठ्याकडून एक म्हातारा आला. बाबूराव नाव. गाडी बिघडली का म्हणून विचारायला आलेला. मी त्याला विचारलं, दोन-अडीच वर्षांमागे इथं कुणा बाईला गाडीनं उडवलं होतं का?

"गावातलं कुणी न्हाई," बाबूराव म्हणाला. "गावातलं आसतं तर बोंब झाली आसती की. कावून?"

"असंच. कुणी हरवलं होतं का?"

"हितं इटांची भट्टी हुती तवा, त्या बाभळीच्या मागं. आता उठली. भट्टीवरची माणसं कुठली कुठली. रातीतून यायची, रातीतून जायची. त्यातलं कोण ऱ्हायलं, कोण गेलं, कोण मोजितंय?" मग त्यानं ओढ्याकडे हात केला. "एक घागर तेवढी घावली हुती खाली. पार चेपलेली. भंगारवाल्यानं नेली."

अप्पांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तांब्याची का स्टीलची?"

"जर्मनची हुती. ॲल्युमिनमची."

"जर्मनची लई पातळ आसती," अप्पा म्हणाले. भांड्यांचा व्यापारी बोलावा तसंच बोलले.

निघताना बाबूराव मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमीच न्हाई, बाई. कवा कवा टिपरवालेबी हितं थांबतेत. इचारलं तर म्हणतेत, बाई आडवी आली. मला काय कवा दिसली न्हाई. मी दुपारचं हिकडं बगतच न्हाई."

पोलिसांकडे जायचं अप्पांनी ठरवलं. मला म्हणाले, बरोबर चला, मला एकट्याला घरी पाठवतील. मी गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, अप्पा, तक्रार नाही, प्रेत नाही, हरवल्याची नोंद नाही, बांगडीचा तुकडा तुम्ही टाकून दिला, गाडीचा पत्रा दुरुस्त केला. तुम्हाला कशात धरू?

"दारू पिऊन चालवली, त्याच्यात धरा. दोनदा सापडलो, ही तिसरी धरा."

"त्याला त्या दिवशी सापडायला पाहिजे होतं. आज तुमच्या रक्तात काय आहे?"

"आज काईच न्हाई," अप्पा म्हणाले. "तेच तर."

अधिकाऱ्यांनी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. त्या काळात तिथं कुठली भट्टी होती, मुकादम कोण होता, तपास करतो म्हणाले, आणि खरंच केला. माणूस पाठवला, मुकादमाचा पत्ता लावला. मुकादम म्हणाला, माझी सगळी माणसं हिशोब घेऊन गेली. एक बाई न सांगता गेली होती, पण अशा जातातच. नाव? नाव कुणाच्या ध्यानात? तिला सगळे नुसती पाणीवाली म्हणायचे.

कायद्यात पहिल्या वेळची शिक्षा आहे, दुसऱ्या वेळची आहे. अप्पांनी ह्या दोन्ही भोगल्या होत्या, त्याही ज्या दिवशी कुणाला ओरखडासुद्धा उठला नव्हता त्या दिवसांसाठी. ज्या दुपारची शिक्षा त्यांना हवी होती ती त्यांना कुणी देईना. मी इतकी वर्षं उजळणीवाल्यांना कायदा समजावून सांगितला. त्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

अप्पांनी परीक्षा दिली. मैदानावर तपासणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, ह्यांना कशाला शिकवत होता, हे तर तुम्हाला शिकवतील. पास झाले. लायसन घरी आलं. पेढे आले नाहीत. काही दिवसांनी ऐकलं की अप्पांनी गाडी विकून टाकली.

मग एके दुपारी त्यांच्या पत्नी, गंगाकाकू, आमच्याकडे आल्या. मला म्हणाल्या, "ताई, तुमचं ऐकतील ते. जेवण झालं की धर्मापुरीच्या जीपमधे बसतेत आन मधीच उतरतेत. दिवस कलला की येतेत. पाय राखेनं भरल्याले. कुठं गेलते इचारलं तर म्हणतेत, कामाला. दुकान पोरावर टाकलंय. प्यायला जात न्हाईत, तेवढं मला कळतं. मग कुठं जातेत?"

मला ठाऊक होतं कुठं जातात. बघून येते म्हणाले. पण दिवस ढकलत राहिले, हेही खरं.

त्या दिवसांत माझ्याकडे मंगल नावाची एक बाई शिकायला येत होती. नेकनूरची, अंगणवाडीत काम करून करून चाळिशी गाठलेली, आता नवऱ्याच्या बदलीनं परळीत आलेली. गावात कुणाशी फारशी ओळख नाही. हात चांगला होता तिचा. तिलाच घेऊन मी एका दुपारी त्या रस्त्यानं निघाले. कुठं चाललोय, का चाललोय, काही सांगितलं नाही. म्हटलं, जाताजाता बघून घेऊ.

समोरून एक टिपर आला आणि राख उडवत गेला. मंगलनं शिकवल्याप्रमाणे गाडी थांबवली. राख सावकाश खाली बसायला लागली, आणि फरशी दिसली, बाभूळ दिसली, आणि रस्त्याच्या मधोमध अप्पा.

एक हात आमच्याकडे केलेला, तळवा उघडा. दुसरा हात शेजारी, कमरेच्या जरा वर, कुणाचं कोपर धरावं तसा. ते रस्ता ओलांडत होते. एवढं हळू मी कुणाला चालताना पाहिलेलं नाही. भरली घागर हिंदकळू नये म्हणून माणूस चालतो, तसं. पलीकडून आलेला दुसरा टिपरही थांबला होता. त्याचा ड्रायव्हर हॉर्न देत नव्हता. खिडकीतून बाहेर वाकून खाली बघत होता.

बाबूराव गोठ्याच्या सावलीत पाठ करून बसला होता.

"मॅडम," मंगल म्हणाली, "हे कोण?"

"आमच्याकडे शिकायचे."

अप्पा पलीकडे पोचले. बाभळीपाशी थांबले, कोपर धरलेला हात सोडला, थोडं वाकल्यासारखं केलं. मग आमच्याकडे वळून, आता जा, अशी खूण केली. टिपरवाल्यानं गाडी सुरू केली आणि आमच्या शेजारून अगदी सावकाश निघून गेला. अप्पांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यांच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी जरा समाधान बघितलं. घरी चला म्हणायला मी आले होते. ते तोंड बघून माझ्यानं दार उघडवलं नाही.

"चल," मी मंगलला म्हटलं. "पहिला गिअर."

तिनं गिअर घातला. पण क्लच सोडला नाही. ती अप्पांकडे बघत नव्हती. अप्पा आले होते त्या बाजूला, रस्त्याच्या अलीकडच्या कडेला, खाली, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बघत होती. तिचा चेहरा अगदी साधा होता, अंगणवाडीच्या दारात उभं राहून बघावं तसा.

"निघ की गं."

"थांबा की, मॅडम," ती म्हणाली. "तिचं लेकरू मागं ऱ्हायलंय."

अप्पांनी लेकराचं मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते दिसतही नसावं, कारण ते बाभळीखाली उभे राहून आम्हाला पुन्हा पुन्हा जा, जा म्हणून हात करत होते.

मी त्या कडेकडे बघितलं नाही. मंगलला निघ असंही पुन्हा म्हटलं नाही. गाडी तशीच गुरगुरत उभी राहिली, आणि मंगलची मान अगदी हळू, लहान लहान पावलांच्या बेतानं, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळत गेली. मग तिनं आरशात बघितलं, हॉर्न न देता क्लच सोडला, आणि स्वतःच निघाली.